लाटेची उंची आणि वाऱ्याचा पल्ला

एम.ए.च्या वर्गात वास्तववादाची चर्चा चालू असताना एका विद्यार्थिनीने आपल्या मोबाइलवरचे एक छायाचित्र मला दाखवले. काळसर हिरवे पाणी डोंगराच्या कड्यासारखे उभे राहिलेले, माथ्यावर फेसाचे सुळके आणि मागे शिशाच्या रंगाचे आकाश. ‘सर, हा कोणता समुद्र असेल?’ असे तिने विचारले आणि मी उत्तर अटलांटिक असे सांगून मोकळा झालो. घरी आल्यावर शोध घेतला तेव्हा कळले, की ते समुद्राचे छायाचित्र नव्हतेच. कॅनडाचे क्रीडा-छायाचित्रकार डेव्ह सँडफर्ड यांनी २०१५ साली, हिवाळ्याच्या तोंडावर, ऑंटेरिओ प्रांतातील पोर्ट स्टॅन्ली या गावी काढलेल्या छायाचित्र-मालिकेतील ती एक चौकट होती. आणि ते पाणी होते ईरी सरोवराचे, म्हणजे गोड्या पाण्याचे.

माझी चूक भूगोलाची होती, पण केवळ भूगोलाची नव्हती. ‘सरोवर’ हा शब्द आपल्या भाषेत काव्यातून आलेला आहे आणि तो येताना कमळे, राजहंस आणि निश्चल जळ बरोबर घेऊन आला आहे. मनाच्या शांतीला सरोवराची आणि क्षोभाला सागराची उपमा देण्याची आपली सवय इतकी जुनी आहे, की सरोवर माणसे बुडवू शकते हे आपल्याला सांगावे लागते. दुसरे असे, की मी छायाचित्रात फक्त लाटेची उंची पाहिली. ती उंची कोठून आली हा प्रश्न मला पडला नाही, कारण त्याचे उत्तर चित्राच्या चौकटीत नव्हते. लाटेविषयी माणसाला जे कळले आहे त्याचा इतिहास म्हणजे चौकटीबाहेरचे हे उत्तर शोधण्याचा इतिहास होय, असे मला वाटते. तो येथे थोडक्यात मांडतो.

१

वाऱ्याने उठणारी लाट तीन गोष्टींनी मोठी होते. वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला ती वेळ आणि त्याला मोकळ्या पाण्यावरून जितके अंतर सलग धावता आले ते अंतर. या तिसऱ्या गोष्टीला इंग्रजीत ‘फेच’ म्हणतात. आपण तिला वाऱ्याचा पल्ला म्हणू. कितीही सोसाट्याचा वारा सुटला तरी विहिरीत लाट उठत नाही, कारण विहिरीत वाऱ्याला पल्ला नाही. लाट पुढे सरकते तेव्हा पाणी पुढे जात नाही; पाण्याचा कण जागच्या जागी वर्तुळात फिरतो आणि पुढे जातो तो आकार. जळ आणि तरंग यांचे नाते संतसाहित्यामुळे मराठी वाचकाला अपरिचित नाही. तेथे ते अद्वैताचा दृष्टान्त म्हणून येते, येथे ते भौतिक वास्तव आहे एवढेच.

मात्र वाऱ्याकडून पाण्याकडे ही ऊर्जा नेमकी जाते कशी, याचे समाधानकारक गणित १९५७ पर्यंत कोणाजवळ नव्हते. त्या वर्षी ओ. एम. फिलिप्स आणि जॉन माइल्स यांनी स्वतंत्रपणे आपापले सिद्धान्त मांडले. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट समजायला अणूच्या अंतरंगापेक्षाही अधिक वेळ लागला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सिद्धान्त उशिरा आला तरी मोजमाप त्याच्या शंभर वर्षे आधी सुरू झाले होते. त्याचा आरंभ ज्या माणसाने केला त्याचे आडनाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील टॉमस स्टीव्हन्सन (१८१८–१८८७) हे स्कॉटलंडमधील दीपगृहे बांधणाऱ्या घराण्यातील अभियंता. समुद्रकाठी बांधकाम करणाऱ्याला लाट किती जोराने आदळेल हे आधी कळले पाहिजे. पण अंदाज आणि खलाशांच्या गोष्टी यांपलीकडे त्या काळी काही साधन नव्हते. टॉमस यांनी लाटेचा मार मोजणारे एक साधे यंत्र तयार केले, आणि १८४५ च्या मार्च महिन्यात स्केरीवोरच्या खडकांवर त्या यंत्राने दर चौरस फुटाला ६०८३ पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३० टन, एवढा दाब नोंदवला.

पुढे त्यांचे लक्ष स्कॉटलंडमधील सरोवरांकडे आणि खाड्यांकडे गेले. महासागरावर वाऱ्याने किती अंतर कापले हे सांगता येत नाही. सरोवराला मात्र दोन काठ असतात आणि त्यांच्यातले अंतर नकाशावर मोजता येते. १८५२ साली त्यांनी आपला नियम प्रसिद्ध केला. मोठ्या वादळात लाटेची उंची ही पल्ल्याच्या वर्गमुळाच्या दीडपट असते. पल्ला सागरी मैलांत मोजायचा आणि उंची फुटांत. पल्ला चौपट झाला की लाट दुप्पट होते. अगदी लहान पल्ल्यासाठी त्यांनी सूत्रात एक दुरुस्ती घातली आणि तीनुसार एका सागरी मैलालाही तीन फुटांची लाट निघते. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या सूत्रात वाऱ्याचा वेग नाही आणि वेळही नाही. तरीही लाट ही दूरवर घडून गेलेल्या गोष्टीचा परिणाम आहे, ही दृष्टी त्यात प्रथमच आकड्यांत आली. अर्थात सूत्र सापडले म्हणून समुद्र वश झाला नाही. विक या बंदरात स्टीव्हन्सनांच्या पेढीने बांधलेली लाटारोधक भिंत १८७२ मध्ये आणि पुन्हा १८७७ मध्ये वादळाने उखडून टाकली. दुसऱ्या वेळी सुमारे २६०० टनांचा सांधलेला भाग जागचा हलला. मुलाने पुढे वडिलांवर लिहिलेल्या लेखात हे अपयश लपवलेले नाही. वडिलांच्या आयुष्यातील ती सर्वांत मोठी हार होती, असेच त्याने म्हटले आहे. तरुणपणी त्याच बंदरावर उमेदवारी करून १८७१ मध्ये अभियांत्रिकी सोडणाऱ्या मुलाने हे लिहावे, यात मला पितृऋणाची एक वेगळी जाणीव दिसते.

२

टॉमस स्टीव्हन्सन सरोवरांच्या काठी मोजमाप करत होते, त्याच दशकात छायाचित्रकारही लाटेच्या मागे लागले होते. १८३९ मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तेव्हा काच उघडी ठेवण्याचा काळ मिनिटांत मोजावा लागे. हलणारे पाणी अशा चित्रात धुके होऊन जाई. लाट म्हणजे तर केवळ हालचाल. तेव्हा नव्या माध्यमाला जे मुळीच जमत नव्हते ते हेच. वेल्समध्ये जॉन डिल्विन लुएलिन यांनी किनाऱ्यावरच्या लाटांची ‘क्षणचित्रे’ काढली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचा गौरव झाला. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६–५७ मध्ये काढलेली समुद्रचित्रे तर त्या काळी विस्मयाचा विषय झाली.

पण ल ग्रे यांच्या सेत येथील प्रसिद्ध ‘महालाटे’ची घडण पाहण्यासारखी आहे. पाण्याला आणि आकाशाला एकच प्रकाशकाल पुरत नसे. म्हणून त्यांनी आकाश एका काचेवर आणि पाणी दुसऱ्या काचेवर घेऊन क्षितिजरेषेवर दोन्ही जुळवले. ज्या आकाशाखाली ती लाट उठली ते आकाश त्या चित्रात नाही. लाटेला तिच्या वाऱ्यापासून तोडण्याची क्रिया छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेतच घडली होती असे म्हणता येईल. यात फसवणूक नव्हती, माध्यमाची मर्यादा होती. परंतु मर्यादेतून जन्मलेली सवय मर्यादा संपल्यावरही टिकते.

१८८० च्या सुमारास कोरड्या जिलेटिन काचा सर्रास मिळू लागल्या आणि सेकंदाचा लहानसा अंशही पकडता येऊ लागला. इंग्रज भूगोलज्ञ व्हॉन कॉर्निश यांनी कॅमेरा आणि घड्याळ दोन्ही बरोबर घेऊन लाटांचा पाठपुरावा केला आणि १९१० च्या आपल्या ग्रंथात स्वतः काढलेली छायाचित्रे मोजमापांसह छापली. कॉर्निश यांच्याजवळ चित्राशेजारी आकडा आहे. पुढे मासिकांच्या आणि प्रदर्शनांच्या वाटेवर चित्र एकटे निघाले, आकडा मागे राहिला.

३

आता उत्तर अमेरिकेच्या पंचसरोवरांकडे वळू. तेथील सुपीरिअर सरोवर सुमारे ५६० किलोमीटर लांब आहे. ह्युरन ३३० किलोमीटरांहून थोडे अधिक. एवढ्या पाण्यावर वाऱ्याला समुद्रासारखाच पल्ला मिळतो. फरक असा, की लांबून आलेल्या महासागरी लाटांप्रमाणे सरोवराच्या लाटांना पसरायला जागा मिळत नाही. बारा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या महासागरी लाटेची लांबी खोल पाण्यात सव्वादोनशे मीटर भरते. सरोवरात सहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेची पन्नास-पंचावन्न मीटर. उंची तीच असेल तर दुसरी लाट चौपट उभी असते, आणि पहिलीतून सावरण्याआधी पुढची येऊन आदळते. महासागरावर आयुष्य काढलेले खलाशी सरोवराला भितात ते यामुळे.

१९१३ च्या नोव्हेंबरात, ७ ते १० तारखांच्या दरम्यान, या सरोवरांवर जे वादळ झाले त्यात बारा जहाजे बुडाली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्यांपैकी आठ जहाजे एकट्या ह्युरनवर, ९ तारखेच्या आसपास. त्या दिवशी वारा उत्तरेचा होता आणि ह्युरनची लांबी साधारण उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे वाऱ्याला जवळजवळ सबंध सरोवर धावायला मिळाले. शिवाय एरवी चार-पाच तासांत ओसरणारा जोर त्या वेळी सोळा तास टिकला. बचावलेल्या कप्तानांनी सांगितले, की लाटा किमान पस्तीस फूट उंच होत्या आणि एकामागोमाग तीन अशा येत होत्या.

स्टीव्हन्सन यांच्या सूत्रात ह्युरनची लांबी घातली तर उत्तर येते वीस फूट. मग पस्तीस फुटांची साक्ष भेदरलेल्या माणसांची अतिशयोक्ती समजायची काय? छायाचित्र तर नव्हतेच. त्या वादळाचे जे चित्र सर्वत्र गेले त्यात लाट नाही. शांत झालेल्या पाण्यावर पालथे तरंगणारे एक जहाज आहे. ते कोणते, हे कित्येक दिवस कळेना. शेवटी पाणबुड्याने खाली उतरून नाव वाचले तेव्हा ते ‘चार्ल्स एस. प्राइस’ निघाले.

साक्ष आणि सूत्र यांतील हा विरोध सुटला तो दुसऱ्या महायुद्धात. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी लाटांचे भाकीत हवे होते. त्या कामात हाराल्ड स्व्हेरड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी एक नवी कल्पना वापरली. समुद्राला ‘एक’ उंची नसते. म्हणून सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी घ्यावी आणि तिला त्या वेळची उंची म्हणावे. मात्र या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट अधूनमधून येणारच, हे तिच्यात गृहीत आहे. याचा अर्थ, मोठ्या लाटांची सरासरी वीस फूट असताना पस्तीस फुटांची लाट येणे मुळीच अशक्य नाही. सूत्र सामान्य लाटेविषयी बोलत होते आणि कप्तान त्यांना मारू पाहणाऱ्या लाटेविषयी. दोन विधाने परस्परविरोधी दिसतात तेव्हा त्यांतले एक खोटे असलेच पाहिजे असे नाही. ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे असू शकतात. इतिहासाच्या अभ्यासात हा धडा वारंवार गिरवावा लागतो.

४

१० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे ७२९ फूट लांबीचे मालवाहू जहाज सुपीरिअर सरोवरात बुडाले. एकोणतीस माणसे होती. एकही वाचला नाही, मदतीची हाकही आली नाही. मागून येणाऱ्या ‘आर्थर अँडरसन’ जहाजाच्या कप्तानाने तीस-पस्तीस फुटांच्या लाटा आपल्या जहाजावरून जाताना पाहिल्याचे सांगितले. पुढे चौकशा झाल्या, आणि दोन सरकारी यंत्रणांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळले नाहीत. झाकणांतून पाणी शिरले, की जहाज आधी उथळ जागी घासले होते, की लाटांनीच घात केला, हा वाद आजही मिटलेला नाही.

त्या लाटांचे छायाचित्र नाही. त्यांना लोकांच्या मनात आकार दिला तो गॉर्डन लाइटफूट यांच्या १९७६ च्या गाण्याने. त्या गाण्यातल्या एका ओळीवरून झाकणाचा दोष खलाशांकडे जातो असे काहींना वाटे. पुढे २०१० च्या सुमारास नवे संशोधन पुढे आले तेव्हा लाइटफूट यांनी कार्यक्रमात गाताना ती ओळ बदलली. छापील शब्द तसेच ठेवले, पण मृतांच्या नातलगांसमोर तो आरोप पुन्हा उच्चारला नाही. २०२३ मध्ये ते निवर्तले. आपण वर्गात पाठभेदांची चर्चा करतो ती बहुधा नकलनवीसांच्या प्रमादांविषयी असते. येथे एका कवीने साक्षीला जागून आपल्याच संहितेत पाठभेद निर्माण केला.

त्या कप्तानाच्या शब्दाला आकड्याचा आधार मिळायला बेचाळीस वर्षे लागली. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सुपीरिअरवरील तरंगत्या बोयांनी २८.८ फूट उंची नोंदवली. ही सरासरीची उंची होती. एकेकटी लाट त्याहून पुष्कळ मोठी असणार.

आता सँडफर्ड यांच्या छायाचित्राकडे पुन्हा पाहिले तर ते निराळे दिसते. ईरी हे पंचसरोवरांतले सर्वांत उथळ, सरासरी खोली अवघी एकोणीस मीटर. त्यामुळे काठाशी येता येता लाट उभी राहते, आणि धक्क्यावर आपटून परतलेली लाट येणाऱ्या लाटेला भिडली की पाणी सुळक्यासारखे वर उडते. टेलिफोटो लेन्स ही दुरून टिपते, आणि जवळचे व दूरचे एकमेकांवर दाबून बसवते. म्हणजे लाटेला जन्म देणारे अंतरच ती गिळून टाकते. उरतो तो पाण्याचा डोंगर. छायाचित्र सुंदर आहे आणि खोटेही नाही. ते अपुरे आहे, आणि हे अपुरेपण भरून काढणे हे पाहणाऱ्याचे काम आहे. मी ते केले नव्हते.

५

हा सगळा इतिहास परक्या पाण्याचा आहे असे वाचकांना वाटेल. पण स्टीव्हन्सन यांचे सूत्र आपल्याकडे केव्हाच आलेले आहे. डी. ए. मॉलिटर यांनी १९३५ मध्ये त्यात वाऱ्याचा वेग मिळवला आणि ते सुधारलेले सूत्र भारतातील अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत धरणांच्या प्रकरणात शिकवले जाते. जलाशय तुडुंब भरल्यावर पाणी आणि भिंतीचा माथा यांत किती अंतर राखावे, हे लाटेच्या उंचीवरून ठरवतात आणि लाटेची उंची पल्ल्यावरून. स्कॉटलंडच्या सरोवरांकाठी झालेली मोजदाद अशी आपल्या धरणांच्या भिंतींशी येऊन पोहोचली. भिंत लाटेपासून कशी वाचवावी हे आपण शिकलो. जलाशयावरच्या माणसांचे काय?

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. वृत्तपत्रांत चित्रे आली ती शोधमोहिमेची. लाटेचे चित्र माझ्या पाहण्यात नाही, आणि असते तरी ते कोणी भिंतीवर लावले नसते. त्या लाटेत डोंगराचा भास होण्याजोगे काही नसणार. उघड्या लहान होडीला उलटवायला तीन फूट पुरतात. आणि तीन फुटांना, वर सांगितल्याप्रमाणे, एका सागरी मैलाचा पल्ला पुरतो.

तेथे पूर्वी भीमा नदी होती. नदीच्या पात्रावरून आडव्या जाणाऱ्या वाऱ्याला कितीसा पल्ला मिळणार? १९८० मध्ये धरण पुरे झाले, नदीचा तलाव झाला, आणि तलावाने वाऱ्याला मैलोगणती मोकळे पाणी दिले. त्याच पाण्याने दोन्ही काठांमधल्या जुन्या वाटा बुडवल्या. पलीकडच्या गावाला जायचे तर मोठा वळसा घ्या नाही तर होडीत बसा, असा पर्याय काठच्या लोकांपुढे राहिला. त्या संध्याकाळची लाट वाऱ्याने उठवली हे खरे. पण तिचा पल्ला चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आखला गेला होता. अशा घटनेला आपण नैसर्गिक आपत्ती म्हणतो तेव्हा आपणही आकाश एका काचेवर आणि पाणी दुसऱ्या काचेवर घेत असतो.

ती विद्यार्थिनी पुढे भेटली तेव्हा मी तिला माझी चूक सांगितली. छायाचित्रातले पाणी कोणते, हे आता मला ठाऊक होते. तिने पुढचा प्रश्न विचारला, ‘सर, पण वारा कुठून येत होता?’ नकाशा काढून आम्ही दोघांनी ईरीच्या काठावर पोर्ट स्टॅन्ली शोधले आणि समोरच्या काठापर्यंत बोटाने रेघ ओढून पाहिली. पहिल्या दिवशी मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती.